‘पाप करा, फादरला सांगा, मोकळे व्हा’ : असं कन्फेशन कुठेच नसतं

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, लागला की कन्फेशनबद्दल (फादरपुढे पापं कबूल करून देवाची क्षमा मागण्याबद्दल) एक मेसेज फिरायला लागतो. पुढे ढकलणाऱ्यांत आपल्याच पॅरिशमधली, म्हणजे आपल्याच चर्चची, माणसं असतात, म्हणून हे लिहितोय. मेसेज म्हणतो : कॅथलिकांचं बरं आहे, आठवडाभर पाप करायचं, शनिवारी फादरच्या कानात सांगायचं की पाटी कोरी. बायबलमध्ये असलं काही नाही, लोकांना मुठीत ठेवायला चर्चने हे 1215 साली काढलं. सांगितलेलं सगळं फादर बाहेर बोलतात. आणि इतकी वर्षं जो गेला नाही त्याने आता जाऊन अपमान का करून घ्यायचा?

‘पाटी कोरी’वर सगळ्यात जास्त टाळ्या पडतात, आणि खोटंही तेच सगळ्यात जास्त आहे. केलेल्याचा मनापासून पश्चात्ताप हवा आणि पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, हे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1551 साली लिहून ठेवलं. सोमवारचा बेत आधीच पक्का करून शनिवारी गुडघे टेकणाऱ्याला फादरने क्षमेचे शब्द ऐकवले तरी क्षमा लागत नाही. निश्चय करूनही माणूस पुन्हा घसरतो, ती गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी दार उघडंच असतं.

शिवाय भरपाई राहिलीच. समजा, एकाने भावाचं नाव सातबाऱ्यावरून गुपचूप उडवलं आणि जागा बिल्डरला विकली. तो कन्फेशनला आला, रडला, खरोखर रडला. ‘नमो मरिया’ ही प्रार्थना तीनदा म्हण आणि घरी जा, असं सांगून फादर त्याला सोडू शकत नाहीत. भावाचा वाटा कधी देणार, हा प्रश्न येणारच. क्षमेने पाप जातं, पण पापाने केलेलं नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याचं नाव शक्य तितकं सावरून द्या, असं चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो. म्हणजे ज्या घरांत आपण एखाद्या मुलीबद्दल नको ते बोललो, त्याच घरांत जाऊन ‘मी खोटं बोललो’ म्हणायचं. याला सोपी सुटका म्हणणाऱ्याने एकदा करून पाहावं.

आता 1215. त्या साली लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने नियम केला की प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा कन्फेशन करावं. जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिच्यासाठी ‘निदान एकदा’ असा नियम कोण करतं? योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडा : पुनरुत्थित येशू शिष्यांवर फुंकर घालतो आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांच्या हाती देतो. इसवी सन 250 मध्ये सम्राट डेशियसच्या छळाला भिऊन कित्येक ख्रिस्ती लोकांनी रोमन देवांना बळी वाहिले आणि मग चर्चकडे परत यायचं म्हणाले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू आडवा आला, यांना क्षमा नकोच म्हणाला. चर्चने त्याचं ऐकलं नाही. कार्थेजचे बिशप सिप्रियन यांच्या पुढाकाराने अशांना प्रायश्चित्तानंतर परत घेतलं गेलं. तेव्हाचं प्रायश्चित्त चारचौघांत आणि दीर्घकाळ चालणारं असे. आजचं खासगी, पुन:पुन्हा करता येणारं रूप नंतरचं, सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठवासीयांनी रुजवलेलं. रूप बदललं, हे मान्यच आहे.

‘फादरही माणूसच ना?’ हो, माणूसच. म्हणून तोही दुसऱ्या फादरपुढे गुडघे टेकतो. 28 मार्च 2014 रोजी सेंट पीटर्समध्ये पोप फ्रान्सिस सगळ्यांसमोर एका साध्या धर्मगुरूपुढे कन्फेशनला बसले. क्षमा देवाची असते, फादर तिचा सेवक.

कन्फेशनसाठी पैसे घेतात, असाही मेसेजमध्ये उल्लेख असतो. कन्फेशनला फी नसते. प्रोटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन ल्यूथर याने 1517 साली हल्ला चढवला तो दंडमुक्तिपत्रांच्या (पापाची शिक्षा माफ करणाऱ्या पत्रांच्या) व्यापारावर, आणि कन्फेशनला तो स्वतः पुढेही जात राहिला.

गुप्ततेचं म्हणाल तर 1215 च्या त्याच नियमात पुढे आहे की कन्फेशन फोडणाऱ्या धर्मगुरूचं पद काढून त्याला जन्मभर मठात प्रायश्चित्तासाठी ठेवावं. आज त्याला आपोआप बहिष्कार लागतो आणि तो उठवण्याचा अधिकार फक्त रोमला आहे. 1927 मध्ये मेक्सिकोत फादर मातेओ कोरेआ यांना कैद्यांची कन्फेशन्स सांगायला लष्कराने फर्मावलं. त्यांनी नकार दिला आणि गोळी खाल्ली. 2018 मध्ये केरळमध्ये कन्फेशनमधली माहिती वापरून एका स्त्रीचं शोषण केल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करा अशी शिफारस केली. ते आरोपी धर्मगुरू ऑर्थोडॉक्स चर्चचे होते, पण म्हणून आपण हात झटकू नयेत. असं कुठल्याही चर्चमध्ये घडलं तर तो गुन्हा आहे आणि पोलिसांत जायलाच हवं. गुन्हेगाराला सोडून संस्कारच बंद करा, हे मात्र पटत नाही.

राहिला अपमान. मेसेजमधली ही ओळ मला सगळ्यात जास्त सलते, कारण पाय आधीच अडखळत असलेल्या माणसाला ती मागे ओढते. एखादे फादर तुसडेपणाने बोलतात, हे खरं आहे. मग दुसरे निवडा. ईस्टरच्या आधी शेजारच्या पॅरिशमधले फादर मुद्दाम बोलावतात, त्यांच्यातलं कुणी तुम्हाला ओळखतही नसतं. चेहरा न दाखवता, कन्फेशनच्या जागेतल्या जाळीआडून बोलायचा हक्क तुमचा आहे. वीस वर्षांचा हिशेब तोंडपाठ लागत नाही. आठवतील ती गंभीर पापं सांगायची, प्रामाणिकपणे विसरलेल्यांनाही क्षमा असते. पश्चात्तापाची प्रार्थना विसरला असाल तर फादर सांगतील तसं मागून म्हणा. शेवटचं कन्फेशन कधी झालं ते आठवत नसेल तर ‘आठवत नाही, फादर’ एवढंच म्हणा आणि सुरू करा.