किडनीचा कॅन्सर झालेल्या माणसाला टेलोमरेज वाढवायला सांगणं बंद करा

‘नोबेल मिळालेलं अमरत्वाचं एन्झाइम’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर, म्हणजे डीएनएची संरक्षक टोपणं, असतात, वयानुसार ते झिजतात, झिजले की म्हातारपण आणि कॅन्सर येतो. टेलोमरेज हे एन्झाइम ही झीज भरून काढतं. तेव्हा ते वाढवणाऱ्या अ‍ॅस्ट्रॅगलस या वनस्पतीच्या कॅप्सूल घ्या, ‘किडनीच्या कॅन्सरच्या पेशंटनी तर आवर्जून घ्या’. डॉक्टर सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसेल. नातेवाइकांच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण आता मामींनी फोन करून विचारलं, ‘यांना सुरू करू का रे?’ मामांची एक किडनी गाठीसकट काढलेली आहे. आता गप्प बसता येणार नाही.

नोबेलचं आधी उरकतो. २००९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं, ते टेलोमिअर आणि टेलोमरेज गुणसूत्रांचं रक्षण कसं करतात हे उलगडल्याबद्दल. कुठल्याही कॅप्सूलचा त्याच्याशी संबंध नाही.

आता त्या ‘आवर्जून’कडे. मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच, आणि ती साफ उलटी आहे.

टेलोमरेजचा मुख्य भाग बनवणारं टर्ट नावाचं जनुक आपल्या प्रत्येक पेशीत असतं. पण मोठ्या माणसाच्या बहुतेक पेशींमध्ये ते बंद असतं, निरोगी किडनीतही. म्हणून साधी पेशी ठरावीक वेळा विभागते आणि थांबते. हे थांबणं हेच शरीराचं कॅन्सरविरुद्धचं संरक्षण आहे. कॅन्सरच्या पेशीला थांबायचं नसतं, म्हणून ती हे बंद जनुक पुन्हा चालू करून घेते. १९९४ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत आलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या कॅन्सरच्या १०१ नमुन्यांपैकी ९० मध्ये टेलोमरेज काम करताना सापडलं, निरोगी ऊतींच्या ५० नमुन्यांपैकी एकातही नाही. किडनीच्या गाठीही याला अपवाद नाहीत. काही गाठींत या जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागातच बिघाड असतो. किडनीच्या कॅन्सरच्या क्रोमोफोब या प्रकारात तर त्याच्या आसपासचा डीएनए तुटून भलत्याच जागी जोडलेला आढळला आहे. म्हणजे गाठीला जे हवं असतं, तेच तुम्ही पेशंटला बाटलीतून द्यायला निघाला आहात.

‘पण टेलोमिअर लांब असले तर कॅन्सर होतच नाही ना?’ होतो. एवढी एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा. २०१७ मध्ये ‘युरोपियन युरॉलॉजी’ या संशोधनपत्रिकेत किडनीच्या कॅन्सरचे १०,७८४ रुग्ण आणि २०,४०६ इतर माणसं यांची जनुकं तपासलेला अभ्यास आला. ज्यांना जन्मतःच लांब टेलोमिअरची जनुकं मिळाली आहेत, त्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका जास्त निघाला. टेलोमिअरच्या अंदाजे हजार बेस-जोड्या (डीएनएची लांबी मोजायचं एकक) जादा लांबीमागे जवळपास दुप्पट. जन्मतः मिळालेल्या जनुकांवरून हिशेब केल्यामुळे ‘आजारामुळे टेलोमिअर बदलले असतील’ ही पळवाटही उरत नाही. कारण समजायला अवघड नाही: टेलोमिअर लांब असलेल्या पेशीला विभागायला जास्त फेऱ्या मिळतात, आणि तेवढ्या फेऱ्यांत चुका साठत जातात. अर्थात हा कॅन्सर मुळात फार सर्रास होणारा नाही, त्यामुळे दुप्पट ऐकून कुणी घाबरून जाऊ नये. पण ‘लांब म्हणजे सुरक्षित’ हे तर खोटं ठरलंच.

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, तेही सांगतो. टेलोमिअर फारच आखूड झाले तर गुणसूत्रांची टोकं एकमेकांना चिकटतात, जनुकांचा गोंधळ उडतो आणि त्यातूनही कॅन्सर होऊ शकतो. डिस्केरॅटोसिस कंजेनिटा या दुर्मिळ जन्मजात आजारात टेलोमिअर आखूड असतात, आणि त्या रुग्णांना काही कॅन्सर जास्त होतात. पण तिथेही जी पेशी कॅन्सर होऊन टिकते, ती बहुतेकदा शेवटी टेलोमरेजच्याच आधाराने टिकते. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य उचललं आणि पुढचं सोडलं.

कॅप्सूलबद्दल: अ‍ॅस्ट्रॅगलसपासून बनवलेल्या अशाच एका उत्पादनाच्या ‘वय मागे फिरवतं’ छापाच्या जाहिरातींना पुरेसा आधार नाही, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये कारवाई केली होती. या कॅप्सूलमुळे माणसात गाठ परत येते असं सिद्ध झालेलं नाही, हे मी मान्य करतो. पण हिशेब बघा. कॅप्सूलने टेलोमरेज वाढत नसेल तर पैसे पाण्यात. वाढत असेल, तर ज्याच्या शरीरात कॅन्सरच्या चार पेशी चुकून राहिल्या असतील त्याला ते मुळीच नको.

‘डॉक्टर लपवतात’ म्हणे! टेलोमरेजवरचं इमेटेलस्टॅट हे औषध जून २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते अस्थिमज्जेच्या मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम या विकारासाठी आहे, आणि ते टेलोमरेज वाढवत नाही, बंद पाडतं.

मामींना मी कॅप्सूल मागवू नका असं सांगितलं. सीटी स्कॅनची तारीख चुकवू नका, मामांचं बीपी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघत राहा, तंबाखू पूर्ण बंद, आणि कुठलीही पुडी किंवा गोळी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरला, दाखवल्याशिवाय नको, हेही. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांनी नुसता डिलीट करून थांबू नये. ज्या ज्या पेशंटला पाठवला, त्याला फोन करून ‘ते घेऊ नका’ असं स्वतः सांगावं.