‘तिनेच आधी हात उगारला’ : स्वसंरक्षणाच्या बचावावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरगुती मारहाणीच्या खटल्यांतील स्वसंरक्षणाच्या बचावावर मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप असा की, बायकोला मारणारा प्रत्येक नवरा ‘तिनेच आधी हात उगारला’ असे म्हणतो, मी अशा नवऱ्यांच्या हाती आयते कोलीत दिले, आणि घरातल्या मारहाणीत हा बचाव न्यायालयाने मुळी ऐकूनच घेऊ नये. समुपदेशन केंद्रात काम करताना आपल्याला हे वाक्य किती वेळा ऐकावे लागत असेल याची मला कल्पना आहे. तरीही आपली मागणी मला मान्य नाही.

मुळात आधी हात कोणी उगारला, एवढ्यावर हा बचाव टिकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढ्याहून अधिक इजा करण्याची मुभा कोणालाच नाही, आणि कलम ४० नुसार शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती असेपर्यंतच चालू राहतो. थप्पड मारू पाहणाऱ्या बायकोचा हात धरणे यात बसेल; ती खाली पडल्यावर तिला लाथा घालणे बसणार नाही. शिवाय हा बचाव संभाव्य आहे हे दाखवण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियम या पुराव्याच्या कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवरच असते, जरी त्याला तो फिर्यादी पक्षाइतक्या काटेकोरपणे, निःसंशय सिद्ध करावा लागत नसला तरी.

खरा निकाल बहुधा जखमेच्या दाखल्यावर लागतो, आणि तिथेच आपल्या पोलीस ठाण्यांत घाई होते. नवऱ्याच्या मनगटावर चावा आणि मानेवर ओरखडे दिसले की ‘मारामारी दोघांनी केली’ असे म्हणून दोन्हीकडून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली जाते. गळा आवळणाऱ्याच्या हातातून सुटण्याची धडपड करणारी बाई नेमक्या अशाच खुणा करते, आणि डोक्यावरचा वार हाताने अडवणाऱ्याच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या बाहेरच्या बाजूला वळ उठतात. गळ्यावर मात्र आवळल्याची खूण अनेकदा दिसतही नाही. म्हणून आवाज बसला का, गिळताना दुखते का, हे डॉक्टरांनी विचारून लिहून ठेवणे महत्त्वाचे असते. आरोपीच्या अंगावरील जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही तर त्या पक्षाचीच कहाणी संशयास्पद ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालात सांगितलेच आहे.

हा आरोपी नेहमी नवराच असतो, हे आपण गृहीत धरले आहे. नवरा मारत असताना हाताला लागेल ते लाकूड किंवा विळा उचलणारी बाईही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, आणि आपण म्हणता तसा हा बचाव घरातल्या प्रकरणांपुरता काढून टाकला तर पहिली शिक्षा तिला होईल. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर कलम ३८ तिला हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत प्रतिकार करण्याची मोकळीक देते. अशा क्षणी किती जोराने मारायचे याचे सोन्याच्या काट्यावर मोजमाप करता येत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वारंवार घेतली आहे.

कायदा अपुरा पडतो तो वेगळ्या ठिकाणी. वर्षानुवर्षे मार खाल्लेली बाई नवरा झोपलेला असताना वार करते, तेव्हा कलम ४० च्या चौकटीत तो धोका ‘त्या क्षणी’ नसतो. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१३ साली एका पत्नीच्या बाबतीत दीर्घकाळचा छळ विचारात घेऊन खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, मानला. शिक्षा हलकी झाली, पण ती निर्दोष सुटली नाही. आपला संताप या पोकळीकडे वळला असता तर मी आपल्या बाजूने लिहिले असते.

राहिला आपला शेवटचा प्रश्न, दोघांनी एकमेकांविरुद्ध गुन्हे दाखल केले तर काय करावे हा. अशी परस्परविरोधी प्रकरणे एकाच न्यायाधीशासमोर एकापाठोपाठ चालवावीत, पुरावे मात्र वेगळे ठेवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या नाथी लाल प्रकरणात सांगितले आहे. आपल्याकडे येणाऱ्या बाईच्या वकिलांना तसा अर्ज लवकर द्यायला सांगा. आणि २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याने याआधी नोंदवलेले घटना अहवाल असतील, तर तेही त्यांच्याकडे द्या.