पाणी आपलंच आहे, दोर आखूडच ठेवा

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला चार गुंठे घेऊन झाले. त्यावर फार्महाऊस या नावाखाली दोन खोल्या झाल्या, लॉन झालं, झोपाळा झाला. आता पाँटून बोट घेतल्याशिवाय तुम्हाला चैन पडणार नाही, हे उघड आहे. ॲल्युमिनियमची दोन लांब नळकांडी, त्यावर सपाट फळी, फळीवर सोफे, वर कापडी छत आणि मागे इंजिन. थोडक्यात, तरंगता दिवाणखाना. परवानगीचं काय, असं कुणी विचारलं तर हसून विषय बदला. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 मध्ये देशांतर्गत जलवाहनांचा नवा कायदा आला, त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे. शिवाय धरण जलसंपदा खात्याचं, आणि त्यातलं पाणी सगळं नाशिक पितं. पण तुमच्या मेहुण्याची मंत्रालयात ओळख आहे. संपलं.

उरले दोनच प्रश्न: बोट बांधायची कशी आणि झाकायची कशानं.

बांधताना एकच तत्त्व ध्यानात ठेवा. पाणी आपलं आहे आणि आपलं पाणी कुठे जात नाही. प्लॉट बघायला तुम्ही ऑगस्टअखेर आला होतात, तेव्हा लाटा थेट बांधाला लागत होत्या. एजंटानं दाखवलं ते पाणी तिथेच राहणार, नाहीतर त्यानं गुंठ्याला तो भाव सांगितला असता का? तेव्हा किनाऱ्यावरच्या बाभळीला दोर बांधा, दोन्ही टोकांना ताणून आखूड करा, वर तीन पक्क्या गाठी मारा. बोट कशी, हलली नाही पाहिजे.

काही शंकेखोर लोक खाली गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं नाव काढतील. 15 ऑक्टोबरला तिकडचा साठा 65 टक्क्यांच्या आत असला, की पाणीवाटपाच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावं लागतं, असं ते सांगतील. सांगू द्या. दरवर्षी आपले पुढारी एक थेंबही देणार नाही म्हणतात ना? मग तुम्ही त्यांच्या शब्दावर बोट बांधायला काय हरकत आहे? पाणी उतरलंच, तर एका सकाळी बोटीचं एक टोक बाभळीला लटकलेलं आणि दुसरं चिखलात रुतलेलं दिसेल. सोफे खालच्या बाजूला जमलेले असतील. फोटो चांगले येतात.

पाणी चढतं तेव्हा उलटी गंमत. धरणाच्या वरच्या अंगाला, त्र्यंबक-आंबोलीकडे दोन दिवस झड लागली, की धरण बघता बघता वाढतं. आखूड दोर मग बोटीला वर येऊ देत नाही, कोपरा खाली ओढून धरतो. बाभळीचा बुंधाही पाण्यात गेलेला असतो, म्हणजे गाठ सोडायला डुबकी मारावी लागते. पोहता येत नसेल तर रखवालदाराला सांगा. त्यालाही येत नसेल, तर त्याला पगारवाढ कशाला दिली ते विचारा.

पलीकडे मासे धरणारा एक माणूस रोज दिसतो. पाणी जसं खाली-वर होईल तशी त्याची होडी सरकते. आज या दगडापाशी, परवा त्या खडकापाशी, आणि दोर नेहमी सैल. त्याला काही विचारू नका. त्याच्याकडे साधा झोपाळासुद्धा नाही.

ज्यांना बाभळीची लाज वाटते त्यांनी आरसीसीची जेट्टी बांधावी. तरंगती जेट्टीही मिळते, पोकळ ठोकळ्यांवर उभी आणि पाण्याबरोबर खाली-वर होणारी. पण जी वस्तू पाण्याच्या मर्जीनं हलते तिच्यावर नावाची संगमरवरी पाटी कशी लावणार? आरसीसीची जेट्टी मे महिन्यातही जागची हलत नाही. पाणी लांब गेलेलं असतं, किनारा उताराचा असला तर फारच लांब. मधल्या भेगाळलेल्या गाळात तुमची जेट्टी कुठल्याशा अपूर्ण उड्डाणपुलासारखी उभी राहते, आणि शहरात तुमचं नाव होतं.

मधल्या पाण्यात बोट ठेवायची हौस असेल तर नांगर म्हणून काँक्रीटचा ठोकळा तळाला सोडा. जमिनीवर 100 किलो भरला म्हणजे झालं. पाण्यात तोच ठोकळा साठच्याही आत भरतो, पण तिथे वजनकाटा घेऊन कोण बघायला जाणार आहे? दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावा म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर धरून राहतो, असं जाणकार म्हणतात. दोर मीटरवर विकत मिळतो. खोलीइतकाच घ्या.

दोर कुठला? बाजारातला पिवळा-हिरवा प्लॅस्टिकचा, दुसरा नकोच. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे इंजिनच्या पंख्याला सहज सापडतो. उन्हात वर्षभर राहिला की हाताला कुसं टोचायला लागतात, आणि मग तो स्वतःच ठरवतो केव्हा तुटायचं ते. नायलॉनचा दोर ताणतो आणि झटका पोटात घेतो. असला मवाळपणा आपल्याला नको. बागेतली उरलेली तार वापरता आली तर उत्तमच. ॲल्युमिनियमला घासत बसेल. तांब्याची असेल तर ओल्यात ॲल्युमिनियम हळूहळू खातेसुद्धा.

वाऱ्याचा विचार करू नका. पाँटून बोट पाण्यात जेमतेम बुडते आणि पाण्यावरच जास्त असते, त्यामुळे वारा तिला झाडून टाकतो. म्हणून लोक तिचं तोंड वाऱ्याकडे करून ठेवतात, पुढचे-मागचे दोर वेगळे आणि तिरके दोर आणखी वेगळे बांधतात. वळवाच्या आधी वरचं छतही मिटून ठेवतात. तुम्ही छत उघडंच ठेवा, पाव्हण्यांना लांबून दिसायला नको का?

आता झाकण. बोटीच्या मापाचं कापडी कव्हर शिवून मिळतं, उन्हात रंग न सोडणारं, हवा जाऊ देणारं. आत मधोमध आधाराचे खांब लावायचे म्हणजे कापडाला उतार येतो. त्याची किंमत ऐकून तुम्ही हसाल, आणि हसायलाच पाहिजे. नाशिकमध्ये फ्लेक्सचा तुटवडा कधी ऐकलाय का? वाढदिवस, निवड, नियुक्ती, पुन्हा वाढदिवस. सिंहस्थाच्या स्वागताचे तर इतके लागतील, की बोटींचा अख्खा ताफा झाकता येईल. बीस बाय दहाचा एक भावी नगरसेवक तुमच्या बोटीवर आरामात बसतो.

फ्लेक्स मधोमध खोलगट होऊ द्या. पाण्याचा हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजेच एक किलो. वीस फुटी बोटीचा माथा साधारण सोळा चौरस मीटर. 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वरच साठला, तर सोळाशे किलो. तेवढं साठत नाही, बरंच पाणी कडेनं ओघळतं. पण निम्म्यानंसुद्धा भावी नगरसेवकांचं पोट सुटतं आणि खालच्या रेलिंगचं कंबरडं मोडतं. मजा म्हणजे झाकलं नसतं तर बोट बुडणारच नव्हती. फळीवरचं पाणी आपसूक धरणात जातं. झाकायचं ते सोफ्यांसाठी. पण फ्लेक्सच्या आत हवा फिरत नाही, त्यामुळे पावसाळाभर सोफ्यांना बुरशी येत राहते, आणि उंदीर दिवाळीपर्यंत स्पंजात सहकुटुंब राहायला येतात. ताडपत्रीचाही गुण तोच. फरक इतकाच, की ताडपत्री शेजाऱ्याच्या कांद्यावरून आणावी लागते.

धक्के खायला बोटीच्या कडेला टायर लावायचे राहिले. लावा. काळे डाग पडतात.

पुराची चिंता मात्र थोडी करायलाच हवी. त्यासाठी नाशिककरांची खात्रीची खूण आहे, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की बोटीचे दोर तपासायला निघा. मारुती धरणाच्या खाली, शहरात. त्याच्या कमरेला पाणी लागतं तेव्हा धरणातून विसर्ग केव्हाच सुरू झालेला असतो, आणि तुमची बोट, दोर तुटला असेल तर, दरवाज्यांच्या दिशेनं निघालेली असते. पण सगळं शहर मारुतीकडे बघत असताना तुम्ही एकट्यानं धरणाच्या पातळीचे आकडे बघणं बरं दिसत नाही.

यथावकाश पंचनाम्याची वेळ येईलच. गारपिटीत द्राक्षं गेली की पंचनामा होतो, मग बोट गेल्यावर का नको? तलाठी भाऊसाहेबांना घेऊन या, चहा पाजा, बाभळ दाखवा. ते कागद काढून गट नंबर विचारतील. पाण्याला गट नंबर नसतो, तेव्हा बोट घर, पीक की जनावर, कुठल्या रकान्यात घालायची यावर थोडी चर्चा होईल. दोरानं बांधलेली होती आणि दोर तोडून गेली, एवढ्यावरून ते जनावर लिहितील. मग विचारतील, दुभतं की भाकड?

भाकड सांगा.