सिसिफस खूश आहे, पण कुणासाठी?

पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने ऑफिसातल्या पोस्टरचा फोटो पाठवला. डोंगरावर धोंडा ढकलणारा माणूस, म्हणजे ग्रीक पुराणकथेतला सिसिफस, खाली 'कष्टातच आनंद'. 'मामा, तुझा कामू आमच्या एचआरलाही पटला!' (कामू म्हणजे सिसिफसवर पुस्तक लिहिणारा फ्रेंच लेखक.)

२०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास कामाचा विषय काढला, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो ९० वर नेला. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर सिसिफसला जो तो आपल्या बाजूला ओढतोय. कुणी म्हणतं काम हीच पूजा, कुणी म्हणतं सगळं व्यर्थच तर मरा कशाला. शिवाय 'हे आपल्या गीतेत आहेच' म्हणणारे काका असतातच.

कामूच्या १९४२ च्या पुस्तकातला सिसिफस शिक्षा भोगतोय: तोच धोंडा कायम वर ढकलत राहायचं. धोंडा परत खाली येणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि शिक्षा देणाऱ्या देवांना तो कस्पटासमान लेखतो. त्याचा आनंद तिथून येतो. एचआरने हे वाचलं असतं तर पोस्टर दुपारपर्यंत उतरलं असतं. काकांचंही पटत नाही. टिळकांच्या गीतारहस्यात फळाची आशा सुटते, पण कर्म ईश्वराला अर्पण होतं, लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी होतं. कामूकडे अर्पण घ्यायला कुणी बसलेलंच नाही. कोरडं आहे, मान्य. सोमवारी सकाळी मला मात्र तेच झेपतं.

त्याच पुस्तकात उठणं, ट्राम, चार तास काम, जेवण, पुन्हा ट्राम, पुन्हा चार तास अशी यादी आहे. मग एक दिवस 'कशासाठी?' उमटतं. डोंबिवलीकरासाठी यात फक्त तास वाढवावे लागतील. पण तो प्रश्न पडायलाही माणूस जरा रिकामा हवा. इथे पॅरिसमध्ये माझी सहकारी संध्याकाळी ईमेल अर्ध्या वाक्यावर सोडून लॅपटॉप मिटते. काम संपलेलं नसतं, उद्याही संपणार नाही, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. ती फार मोठी तत्त्वज्ञ आहे असं नाही. ३५ तासांचा आठवडा, आणि २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेल बंद ठेवण्याचा हक्क कायद्यात आहे. (आम्हा इंजिनियरांपैकी अनेकांचे करार तासांवर नसून वर्षाला २१८ दिवसांवर असतात, तेव्हा फार हेवा करू नका.)

आपल्याकडे असाच हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडलं. खासगी विधेयकांचं बहुधा जे होतं तेच त्याचं झालं, मंजूर झालं नाही. २०२५ च्या डिसेंबरात त्यांनी ते पुन्हा मांडलं.