सातच पॉड का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही एवढं मनापासून आणि मुद्द्याला धरून लिहिलं, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्यांना संदर्भ लागावा यासाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. वणी, मारेगाव, झरी-जामणी भागात कापूस खरेदीच्या टोकन-नोंदणीची जी यंत्रणा आम्ही चालवतो, तिच्या ऑटोस्केलिंगच्या (गर्दीप्रमाणे यंत्रणा आपोआप कमीजास्त करण्याच्या) सेटिंग मी मागच्या लेखात दिल्या होत्या. कमीत कमी ३ पॉड (म्हणजे आमच्या प्रोग्रामच्या चालू प्रती), जास्तीत जास्त ७, सकाळी घड्याळ लावून आधीच ७ उभे करायचे, आणि कमी करताना १५ मिनिटं थांबायचं. यावर तुम्ही म्हणता की सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) वापराचं लक्ष्य ७० टक्क्यांवर ठेवून मोकळं व्हावं, बाकी क्लाऊड पाहून घेतो. घड्याळच लावायचं तर ते ऑटोमॅटिक कसलं? क्लाऊडमध्ये हवे तेवढे पॉड मिळतात, मग ७ वर कुंपण कशाला? रात्री कोणी येत नाही, तर शून्यावर का नेत नाही? आणि शेवटी, खेड्यातल्या कामाला एक मोठा सर्व्हर पुरे.

कुंपणापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळं डिझाइन तिथेच ठरतं. टक्का मागाहून ठरवता येतो.

आमचा प्रत्येक पॉड डेटाबेसशी १० कनेक्शनचा पूल (उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा संच) उघडतो. आमच्या डेटाबेसची, म्हणजे पोस्टग्रेसची, मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, त्यातली ३ सुपरयूजरसाठी (मुख्य व्यवस्थापकासाठी) राखीव. म्हणजे हाती ९७. वरवर पाहिलं तर ९ पॉड सहज बसतात. पण ऐन हंगामात नवी आवृत्ती चढवायची वेळ आली, तर कुबरनेटीस (पॉड चालवणारी व्यवस्था) जुने पॉड बंद करण्याआधी २५ टक्के जास्तीचे उभे करू शकतो, आणि तो आकडा वरच्या पूर्णांकात धरतो. ९ चे १२ होतात, कनेक्शन १२० लागतात, आणि शेवटच्या पॉडना डेटाबेस दारातूनच परत पाठवतो. ७ धरले तर चढवताना ९ होतात, ९० कनेक्शन लागतात, आणि उरलेल्या ७ मध्ये एसएमएस पाठवणारं काम आणि अडीअडचणीला माझं लॉगिन बसतं.

मर्यादा ५०० करा, नाहीतर मध्ये पीजीबाउन्सर (कनेक्शन वाटून वापरू देणारा मध्यस्थ) बसवा, असं तुम्ही म्हणाल. दोन्ही करता येतं. पण टोकन देताना आत काय होतं ते पाहा. एका खरेदी केंद्राची त्या दिवसाची शिल्लक टेबलात एकाच ओळीत आहे. टोकन देणारं प्रत्येक ट्रान्झॅक्शन त्या ओळीला कुलूप लावतं, एक वजा करतं, कुलूप काढतं. पॉड ७ असोत की ७०, त्या ओळीपाशी एका वेळी एकालाच जागा. जिनिंगमध्ये वजनकाटा एकच असेल तर गेटवर चार माणसं वाढवून गाड्या लवकर मोजल्या जात नाहीत, तसंच हे आहे. उलट रांगेतला प्रत्येक कॉल (ॲपने सर्व्हरला केलेली विचारणा) एक कनेक्शन अडवून उभा राहतो, आणि ज्याला फक्त आपल्या टोकनची तारीख पाहायची आहे तोही त्यामागे अडकतो. क्लाऊड पॉड कितीही देईल. त्यांना करायला काम आहे का, हे आपल्यालाच पाहावं लागतं.

आता ७० टक्क्यांचं. कुलूप उघडायची वाट पाहत असलेला पॉड सीपीयू जवळपास वापरतच नाही. समजा ७ पॉड आहेत आणि सरासरी वापर २० टक्के दिसतो. एचपीएचं, म्हणजे कुबरनेटीसमधल्या पॉड कमीजास्त करणाऱ्या भागाचं, गणित सरळ आहे: चालू पॉड गुणिले चालू वापर, भागिले लक्ष्य. ७ गुणिले २० भागिले ७०, उत्तर २. म्हणजे रांग सर्वांत लांब असते नेमक्या त्याच वेळी तो पॉड कमी करायला निघतो. म्हणून आम्ही सीपीयूसोबत प्रत्येक पॉडवर एका वेळी किती कॉल अडलेले आहेत हे मोजमापही लावलं आहे. दोन मोजमापं असली की एचपीए त्यातलं मोठं उत्तर धरतो, त्यामुळे सीपीयू शांत दिसला तरी पॉड जागेवर राहतात.

शिवाय हा टक्का कशाचा, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. तो पॉडच्या सीपीयू रिक्वेस्टचा (राखून मागितलेल्या वाट्याचा) असतो, लिमिटचा (कमाल मर्यादेचा) नाही. रिक्वेस्ट आणि लिमिट सारखी ठेवली तर वापर १०० च्या वर दिसूच शकत नाही. मग लोड दहापट झाला तरी एचपीएला १०० च दिसणार, आणि १०० भागिले ७० म्हणजे एका टप्प्यात साधारण दीडपटीपर्यंतच वाढ. ३ चे ५, मग ५ चे ८. प्रत्येक टप्प्याला मोजमाप यायचं, एचपीएने पाहायचं (तो दर १५ सेकंदांनी पाहतो), आणि मग पॉड सुरू होऊन तयार व्हायचा. नोडवर (पॉड ज्यावर चालतात त्या यंत्रावर) जागा नसेल तर नवा नोड येईपर्यंत मिनिटं जातात.

ही मिनिटं कोणाची जातात ते सांगतो. टोकन सकाळी ८ ला खुलं होतं. सेवा केंद्रात ऑपरेटरसमोर सातबाऱ्यांचा गठ्ठा असतो, बाहेर माणसं उभी असतात. आठ वाजले की तो पहिला अर्ज पाठवतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. फोनवर ऐकू येतं, ‘भाऊ, नुसतं घुमून राहिलं, टोकन काही येऊन नाही राहिलं.’ लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. ज्याचं टोकन हुकलं आणि ज्याला वेचाईचे पैसे आजच द्यायचे आहेत, तो दारात आलेल्या व्यापाऱ्याला म्हणेल त्या भावात कापूस देतो. या माणसासाठी तीन मिनिटं उशिरा आलेला पॉड न आल्यासारखाच.

म्हणून घड्याळ. ८ ला गर्दी होणार हे आपल्याला आदल्या दिवशीच माहीत असतं. जे माहीत आहे ते मोजमापातून पुन्हा शोधून काढायला यंत्राला का लावायचं? केडा या पॉड कमीजास्त करणाऱ्या साधनाच्या क्रॉन ट्रिगरमध्ये (वेळापत्रकात) ७:४० ते ९ पर्यंत ७ पॉड असं लिहिलं आहे. तिथे वेळेचा पट्टा ‘एशिया/कोलकाता’ असाच लिहा. यूटीसी (जागतिक वेळ) राहिला तर पॉड दुपारी १:१० ला उभे राहतील. घड्याळाला न कळणारी गर्दी मोजमाप सांभाळतं, जसं की मुदतवाढीची बातमी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फिरली की होते ती.

सातही पॉड भरले तर काय? तेव्हा आम्ही नवीन कॉल आत घेत नाही. ‘थोड्या वेळाने आपोआप पुन्हा प्रयत्न होईल, दाबू नका’ असं मराठीत दाखवतो आणि ॲप काही सेकंदांनी स्वतःच पुन्हा विचारतं. प्रत्येक फोनची वेळ थोडी मागेपुढे ठेवली आहे, नाहीतर सगळे पुन्हा एकदमच येतील. प्रत्येक अर्जाला फोनवरच एक खूण मिळते, त्यामुळे कोणी तीनदा दाबलं तरी टोकन एकच निघतं. कुंपण घालायचं तर ही सोय हवीच, नाहीतर ते लोकांवर अन्याय करतं.

कमी करताना १५ मिनिटं का, याचं कारण गावातच आहे. लाइन गेली की थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी उतरते आणि गावंच्या गावं नेटवर्कबाहेर जातात. लोड पडतो. लाइन आली की सगळे फोन एकदम परततात. एचपीएचा मूळ थांबा ३०० सेकंदांचा. आमच्याकडे तो अनेकदा पुरत नाही, म्हणून ९०० केला. खर्च वाढतो, पण नगण्य.

शून्याबद्दल तुमचं अर्धं मान्य. एसएमएस पाठवणारं काम रांगेवर चालतं, ते रात्री शून्यावरच जातं आणि रांगेत संदेश आला की उठतं. तिथे मिनिटभर उशिराने कोणाचं काही बिघडत नाही. पण वेबचे ३ पॉड रात्रीही ठेवतो. शेतीला वीज रात्रपाळीत असते तेव्हा माणसं ओलिताला जागीच असतात आणि टोकनची तारीख पाहतात.

मोठ्या सर्व्हरचं म्हणाल तर एप्रिल ते सप्टेंबर तो पुरेसा आहे, आणि फक्त बाजारभाव दाखवायचे असते तर मीही तेच केलं असतं. हंगामात मात्र एक यंत्र बसलं की तीन तालुक्यांची नोंदणी बसते, आणि ती शिल्लकेची ओळ मोठ्या सर्व्हरवरही एकच राहते. पुढच्या हंगामाआधी आम्ही ती केंद्रागणिक दहा ओळींत फोडून पाहणार आहोत. तसं झालं तर ७ चा आकडा पुन्हा मोजावा लागेल. तुमच्याकडे अशी ओळ फोडल्याचा अनुभव असेल, तर एका भागातली शिल्लक संपल्यावर कॉल दुसऱ्या भागाकडे कसा वळवला, ते नक्की लिहा.