‘गायरान मोकळं करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गावोगावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सुप्रीम कोर्टाने गायरानावरची, म्हणजे गुरांच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीवरची, सगळी घरं पाडायला सांगितली आहेत; तिथे राहणारे फुकटे आहेत, कारण सरकार घरकुल देतंच; त्यांच्यामुळे गुरांचं रान गेलं; तेव्हा ग्रामपंचायतीने ठराव घेऊन त्यांना उठवावं.

कोर्टापासून सुरुवात करू. दाखला दिला जातो तो जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 28 जानेवारी 2011 च्या निकालाचा. पटियाला जिल्ह्यातल्या एका गावाचं तळं वजनदार लोकांनी बुजवून त्यावर बांधकाम केलं होतं, त्याचा तो खटला. अशी अतिक्रमणं काढा, असं कोर्ट म्हणालं हे खरं. पण भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने जमीन पट्ट्याने दिली असेल, तर ती नियमित करण्याची वाट त्याच निकालाने उघडी ठेवली आहे. मेसेजमध्ये ती ओळ नाही.

मराठवाड्यात तर ही ओळ फार महत्त्वाची. आंबेडकरी चळवळीतले नेते दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून इथे गायरान कसणारी कुटुंबं आहेत. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयानुसार 14 एप्रिल 1990 पर्यंतची अशी वहिती, म्हणजे कसलेली जमीन, नियमित व्हायची होती. कित्येकांचे प्रस्ताव तहसीलमध्येच पडून राहिले, सातबाऱ्यावर नाव काही लागलं नाही. तिसरी पिढी त्याच जमिनीवर राहते आणि कागदावर अजून अतिक्रमणदारच. रस्त्यालगतचं गायरान दाबून गाळे काढणारेही आहेत, ते भाडं खातात. मेसेजला ते दिसत नाहीत.

आता घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात केंद्र आणि राज्य मिळून मूळ मदत 1 लाख 20 हजार रुपये, आणि ती घर बांधायला. जागा तुमची हवी. नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नाव नसेल तर यादीत नंबर लागूनही हप्ता निघत नाही. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी 50 हजार मिळायचे, आता 1 लाखापर्यंत मिळतात. पण गावठाणालगत 500 चौरस फूट विकायला कोण तयार आहे? जमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्याशा जागेचं खरेदीखतच होत नव्हतं, घरकुलासाठी ही अट अलीकडे सैल झाली. म्हणजे ज्याला जागा नाही त्याला घरकुल नाही, आणि घरकुल नाही म्हणून तो गायरानावर. त्याला फुकट्या म्हणणाऱ्याने निदान एकदा ग्रामसेवकाकडे बसून ‘मंजूर, पण जागेअभावी प्रलंबित’ अशी नावं मोजावीत.

गुरांचं म्हणाल, तर सौर प्रकल्पांसाठी गायरान नाममात्र भाड्याने दिलं जातंय. तिथलं गवत गेल्याचा मेसेज अजून कुणी पाठवला नाही.

राहिला ठराव. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 ने पंचायतीला अतिक्रमण काढण्याचा अधिकार दिलाय, हे मान्य. पण नोटीस हवी, म्हणणं ऐकायला हवं. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून गायरानांची दखल घेतली आणि ऐन ऊसतोडीच्या हंगामात नोटिसा निघाल्या. बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, वडवणीकडची जोडपी तेव्हा कारखान्याच्या फडात ऊस तोडत असतात. मागे म्हातारी माणसं राहतात, त्यांनी कुठले पुरावे जमवायचे?

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. सरकारी जागेवर अतिक्रमण असलेला माणूस ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही. कुटुंबातल्या दुसऱ्या कुणाचं अतिक्रमण असेल आणि तो त्यातच राहत असेल, तरीही अपात्र, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये ठरवलं. गाळेवाल्यांना चाप लावायला नियम ठीकच आहे. पण त्यामुळे गायरानावर राहणाऱ्या भूमिहीन वस्तीचा माणूस ठराव घेणाऱ्यांच्या खुर्चीवर बसतच नाही. ग्रामसभेत मात्र त्या वस्तीलाही मत आहे. म्हणून हा विषय सदस्यांच्या मासिक सभेत उरकू नका, ग्रामसभेत घ्या, तीही उसावरची माणसं परतल्यावर. आणि ‘उठवावे’ हा शब्द लिहिण्याआधी त्यांना कुठे बसवणार त्या जागेचा गट नंबर ठरावात लिहा.