बुश दीडशेचा, मिक्सर साडेचार हजारांचा

गेल्या वर्षी ऐन चटणीच्या दिवसांत आमचा मिक्सर बंद पडला. मिरची आणि गरम मसाला डंकावर कुटून आणला होता. तळलेला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, भाजलेलं खोबरं घरीच वाटून त्यात मिसळायचं, ही आमच्या घरची पद्धत. दुसरं भांडं लावलं आणि मिक्सर घरघरून थांबला. खालचं लाल बटण दाबलं की दोन सेकंद चालायचा, परत बंद. दोन वर्षांची वॉरंटी संपून तीन महिने झाले होते.

सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलानं मिक्सर उघडलासुद्धा नाही. वायर लावली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "मॅडम, मोटर गेली. पूर्ण असेंब्ली बदलायला बावीसशे लागतील. त्यापेक्षा एक्सचेंजमध्ये नवीन घ्या." साडेचार हजारांची वस्तू सव्वादोन वर्षांत भंगार ठरली, आणि ती ठरवायला त्याला एक मिनिटही लागलं नाही.

माझे वडील, आमचे आबा, तीस वर्षं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मोटर वाइंडिंग करायचे, म्हणजे जळलेल्या मोटरला नवी तार गुंडाळायचे. तांब्याची तार, वॉर्निशचा वास आणि जळक्या कॉइलचा ढीग यातच माझं लहानपण गेलं. कुणी मोटर घेऊन आलं की आबा आधी तिचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरणारा दांडा, हातानं फिरवून बघायचे. फिरतोय का, अडतोय का, हलतोय का. मग वास घ्यायचे. वाइंडिंग जळलं असेल तर त्याचा वास लपत नाही. हे सगळं झाल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला एक शब्द बोलायचे नाहीत. त्या काउंटरवर उभी असताना मला आबांची फार आठवण आली.

मिक्सर पिशवीत घातला आणि तशीच उद्यमनगरात गेले. आबांच्या हाताखाली शिकलेले एक मिस्त्री अजून तिथं बसतात. मिक्सरचे स्क्रू नेहमीच्या पेचकसानं निघणारे नव्हतेच, त्यांना वेगळं बिट लावावं लागलं. तळाच्या दोन प्लॅस्टिकच्या खाचा उघडतानाच तुटल्या, कारण त्या परत उघडायच्या हिशेबानं केलेल्याच नव्हत्या. आत बघून मिस्त्री म्हणाले, "अक्का, मोटर कुठं गेलीया? वरचा बुश धरलाय नुसता."

बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची छोटी नळी. झालं होतं असं. भांड्याच्या तळाचं रबर झिजलं, तिथून वाटणाचं पाणी झिरपत खाली मोटरच्या शाफ्टवर उतरलं. बुशातलं तेल गेलं, गंज धरला, शाफ्ट जाम झाला. शाफ्ट फिरेना म्हणून मोटर जास्त करंट ओढायला लागली आणि खालचं ते लाल ओव्हरलोडचं बटण तिला वाचवायला बंद करत राहिलं. म्हणजे मिक्सर स्वतःला जपत होता, आणि आम्ही त्याला मेलेला ठरवत होतो.

कंपनी तो बुश सुटा विकत नाही. मिस्त्रींनी शेजारच्या लेथवाल्याकडून गनमेटलचा बुश वळून घेतला. दीडशे रुपये. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन बदलले, भांड्याचं रबर बदललं, सगळे मिळून साडेतीनशे. संध्याकाळी घरी येऊन मी उरलेलं वाटण संपवलं. आज वर्ष उलटून गेलं, रोज दोन वेळा वाटण होतं, मिक्सर चालू आहे.

सासूबाईंचा मिक्सर १९८८ चा आहे. त्यासाठी त्यांनी भिशी लावली होती. त्याची मोटर एकदा आबांनीच परत वाइंड केली, भांडं मोटरला जोडणारे कपलर किती बदलले याचा हिशेब नाही, एका भांड्याचं पातं तिसरं आहे. तळाला चार साधे स्क्रू. घरातला कुठलाही पेचकस लावा, उघडतो. तो इतकी वर्षं टिकला म्हणजे कधी बिघडलाच नाही, असं नाही. बिघडला तेव्हा तेव्हा उघडता आला, आतला भाग दुकानात मिळाला, आणि बसवणारा माणूस चालत जाता येईल इतक्या अंतरावर होता. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं.

जुनं ते सगळं चांगलं, असं मी मानत नाही. जुन्या काळातले जे मिक्सर, फ्रिज वाईट होते ते कधीच भंगारात गेले. आज आपल्याला दिसतात ते टिकलेले. शिवाय त्या मिक्सरला तेव्हा एवढं काम कुठं होतं? पाटा-वरवंटा घरात होता, रोजचं वाटण त्यावर व्हायचं, पाहुणे आले की मिक्सर निघायचा. आता रस्सा असो, इडली असो, सगळा भार त्याच्यावर. आणि आपलं कोल्हापूरचं वाटण घट्ट. सुकं खोबरं आणि तीळ तेल सोडतात, भांड्याला चिकटतात, आपण पाणी घालायचं टाळतो आणि पातं अडकत अडकत फिरतं. थोडा वेळ चालवा, मग मोटर गार होऊ द्या, असं पुस्तिकेत छापलेलं असतं. मी स्वतः कितीदा ते पाळत नाही. भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरणं, सुरुवातच तीनवर करणं, याची शिक्षा मोटरलाच होते. ही आपली चूक आधी मान्य करते.

पण घट्ट वाटण हे या मुलखात नवीन नाही. इथं मिक्सर विकायचा तर तो इथलं वाटण सोसेल असा हवा. डब्यावर ७५० वॅट मोठ्या अक्षरात छापतात. आत तांब्याचं वाइंडिंग आहे की अ‍ॅल्युमिनियमचं, हे बारीक अक्षरातसुद्धा बऱ्याचदा नसतं. आबा म्हणायचे, अ‍ॅल्युमिनियमची तार त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा लवकर तापते आणि तिचा सांधा नीट धरत नाही. खरंच आहे, अ‍ॅल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साठ-एकसष्ट टक्केच सहज वाहते. वॅटचा आकडा मोटर किती वीज घेते ते सांगतो, ती किती वर्षं चालेल ते सांगत नाही.

आता फ्रिज. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं, तेव्हा माझ्या माहेरच्या घरात साडेतीन फूट पाणी होतं. पाणी उतरल्यावर गल्लीत घरोघरचे फ्रिज, मिक्सर, गाद्या बाहेर काढून ठेवल्या होत्या, ते दृश्य बघितलेला माणूस विसरणार नाही. आमच्याकडं दोन फ्रिज होते. एक आईचा जुना, एका दाराचा. दुसरा भावानं दोन वर्षांपूर्वी घेतलेला, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, मोठा. जुना फ्रिज धुऊन पुसून आठ दिवस उन्हात ठेवला. कॉम्प्रेसर चहूबाजूंनी वेल्ड करून बंद असतो, त्याच्या आत पाणी जात नाही. मिस्त्रींनी कॉम्प्रेसर सुरू करणारा बाहेरचा रिले आणि त्याला जपणारा ओव्हरलोड बदलला, जोडण्या साफ केल्या, फ्रिज सुरू झाला. नव्या फ्रिजचाही कॉम्प्रेसर शाबूतच होता. पण तो चालवणारा मागचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड पाण्यात गेला होता. त्या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, असं उत्तर दीड महिना हेलपाटे घातल्यावर मिळालं. घेऊन दोनच वर्षं झालेल्या वस्तूचा भाग येत नाही! भावाचे हप्ते नुकतेच संपले होते.

बुश लेथवर वळता येतो. बोर्ड वळता येत नाही. हे शहर हातानं वस्तू घडवणाऱ्यांचं आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथं बनवला, इथल्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभर जातं. पण भागच मिळू द्यायचा नाही, सर्किटची माहिती द्यायची नाही, असं ठरवलं तर उद्यमनगरातला सगळ्यात हुशार मिस्त्रीही हात टेकतो.

फ्रिजचं आणखी एक सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. जुन्या फ्रिजच्या मागं काळी जाळी असायची, तो आतली उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर. त्याला गळती लागली तर दिसायची, ब्रेझिंग करून, म्हणजे धातूचा टाका मारून, बंद करता यायची. आता पुष्कळ फ्रिजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये गाडलेली असते. म्हणून तर फ्रिजच्या बाजू गरम लागतात. दिसायला छान, धूळही बसत नाही. पण तिथं गळती झाली तर फोम फोडून ती शोधायची कुणी? आणि वर कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी लिहिलेली असते. ती कॉम्प्रेसरची असते. गॅस, बोर्ड, मजुरी बऱ्याचदा त्यात धरलेली नसते. ते कार्ड घेण्याआधी वाचा, घरी येऊन नव्हे.

नवे फ्रिज वीज कमी खातात, जुन्या फ्रिजमधला गॅस ओझोनला घातक होता, हे मी नाकारत नाही. २००६ पासून वीजबचतीचं स्टार लेबल आलं, त्याचा फायदा बिलात दिसतो. तशीच टिकण्याची आणि दुरुस्तीचीही एक खूण डब्यावर का असू नये? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून वॉशिंग मशिन, टीव्ही, मोबाइल अशा वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी आहे याचे दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं झालं. त्याच वर्षी मार्चपासून युरोपात नियम आला की फ्रिजचे थर्मोस्टॅट, सेन्सर, बोर्ड असे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत, दाराचं रबर दहा वर्षं. माझ्या भावाचा फ्रिज असा नियम असता तर वाचला असता.

आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं, वॉरंटीची माहिती मिळते. चांगलं पाऊल आहे. पण माहिती देणं वेगळं आणि भाग देण्याची सक्ती वेगळी. मला सक्ती हवी आहे. वॉरंटीच्या काळातच टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणालं तर मी कुकर दाखवेन. घराघरातला कुकर पंधरा-वीस वर्षं चालतो. रबर गेलं, नवीन आणा. शिट्टी गेली, नवीन आणा. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, तोही मिळतो, दांडा मिळतो. महाद्वार रोडच्या भांड्यांच्या दुकानात तुम्ही कंपनी आणि लिटर सांगायचा, दुकानदार न बघता रबर काढून देतो. कुठलंही ज्ञान लपवलेलं नाही, आणि त्या कंपन्या काही बुडालेल्या नाहीत.

एक्सचेंजच्या जाहिराती बघितल्या की मला त्या पुरानंतरच्या गल्लीची आठवण होते. आपण मिक्सर देतो, पाचशे रुपये सूट मिळते, आणि त्यातलं तांबं, आर्मेचर, चांगली मोटर कुठं जाते हे विचारत नाही. एका जाम झालेल्या बुशासाठी अख्खी वस्तू.

माझ्या भाचीचं लग्न ठरलंय, संसाराची खरेदी सुरू आहे. तिच्या मोबाइलमध्ये दहा मिक्सरची यादी आहे, स्टार आणि रिव्ह्यू लावून. मी तिला म्हटलं, रविवारी आधी आपण मिस्त्रींकडं जाऊ, ती यादी त्यांना दाखवू. कुठल्याचा कपलर आणि बुश सुटा मिळतो, कुठला साध्या स्क्रूचा आहे, दुरुस्तीला कुठला सारखा सारखा येतो, ते त्यांना पाठ आहे. त्यातले दोन-तीन उरतील, त्यातला रंग तिनं निवडायचा. तुमच्या पेठेत असे मिस्त्री असतील, तर त्यांच्याकडून ऐकलेलं इथं खाली लिहा, तिलाही वाचायला देते.